फोटोमागचे नाव

(जुने फोटो जवळजवळ प्रत्येक घरात असतात. ते आपल्या वाडवडिलांची आठवण जपतात. पण फोटोतील माणसाचे नाव सांगणारे कोणी उरले नाही, तर ती आठवणही हरवते. लेखिकेने या पाठात आपल्या घरातील तीन फोटोंची हकिकत सांगितली आहे. जुने फोटो कसे जपावेत, याचीही माहिती दिली आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक प्रश्न विचारते. तुमच्या पणजोबांचे नाव तुम्हाला सांगता येईल का? मी हा प्रश्न माझ्या वर्गात विचारला, तेव्हा थोडेच हात वर आले. मग मी पणजीचे नाव विचारले. वर आलेल्या हातांपैकीही निम्मे खाली गेले. वर्ग शांत झाला. मी मुलांना रागावले नाही. कारण त्यांच्या वयाची असताना मी जी चूक केली होती, ती याहून मोठी होती. तीच आज तुम्हाला सांगणार आहे.

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरब हे आमचे गाव लागते. काळी जमीन, कपाशीची शेते आणि जवळून वाहणारी अडाण नदी. आमच्या जुन्या घरात दादीची एक पत्र्याची पेटी होती. दादी तिला संदूक म्हणत असे. पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येई. तीत दादीचा निकाहनामा होता, शेताचा सातबारा होता, दादांची लोकरी टोपी होती आणि सर्वांत खाली एक खाकी पाकीट होते. त्या पाकिटात आमच्या घराण्याच्या साऱ्या तसबिरी होत्या.

‘तसबीर’ हा शब्द वाचून तुम्हाला ओळखीचे वाटले असेल. तुमच्या उर्दूतला ‘तस्वीर’ हा शब्द मराठीत येऊन ‘तसबीर’ झाला. मराठीत मात्र तसबीर म्हणजे बहुधा चौकटीत बसवून भिंतीला लावलेले चित्र. आमच्या घरी भिंतीवर एकही तसबीर नव्हती. घरात माणसांचे फोटो लावणे आमच्या वडीलधाऱ्यांना पसंत नव्हते. गेलेल्या माणसांची आठवण ते दुआ मागून ठेवत, शबे-बरातला कब्रस्तानात जाऊन ठेवत. शेजारच्या घरी वेगळी रीत होती. तिथे बैठकीत आजी-आजोबांच्या तसबिरी होत्या आणि त्यांना हार घातलेला असे. मी लहानपणी एकदा हौसेने शेजारच्या काकूंच्या फोटोला फुलांचा हार घालायला गेले. तेव्हा सगळे हसले. मग काकूंनीच समजावून सांगितले, की हार घातलेला फोटो म्हणजे ते माणूस आता हयात नाही. ही गोष्ट तुम्हीही लक्षात ठेवा. रीत कोणतीही असो, भिंतीवर किंवा पेटीत, दोन्ही घरांत जपले जात होते ते एकच: गेलेल्या माणसांचे प्रेम.

आता पाकिटातला पहिला फोटो पाहू.

हा फोटो १९५८ सालचा आहे. यवतमाळच्या एका स्टुडिओत काढलेला. मागे रंगवलेला पडदा आहे. पडद्यावर एक महाल आणि एक कारंजे आहे. समोर चार तरुण उभे आहेत. चौघेही ताठ, चौघेही गंभीर. उजवीकडे माझे दादा, त्यांच्या शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, मग त्यांचा मामेभाऊ आणि डाव्या टोकाला चौथा तरुण. त्या चौथ्याने आपला हात लांब करून सर्वांच्या मागून दादांच्या खांद्यापर्यंत नेलेला आहे. त्याची फक्त बोटे खांद्यावर दिसतात.

जुन्या फोटोंतील माणसे इतकी गंभीर का दिसतात, असे तुम्हाला वाटत असेल. एक कारण असे, की अगदी जुन्या काळी फोटो उमटायला बराच वेळ लागत असे. तेवढा वेळ हालचाल न करता बसावे लागे. हलले की चेहरा पुसट येई. पुढे कॅमेरे सुधारले, पण स्थिर उभे राहण्याची सवय राहिली. दुसरे कारण पैशाचे. फोटो हा वारंवार काढण्याचा विषय नव्हता. आयुष्यात एकदा-दोनदाच काढायचा, तर तो रुबाबदार हवा, असे लोकांना वाटे. म्हणून स्टुडिओवाले कोट, घड्याळ, खुर्ची, फुलदाणी असे सामान ठेवत. माझ्या दादांच्या अंगावरचा कोटही त्यांचा नव्हता, तो स्टुडिओचा होता!

तो फोटो तयार कसा झाला, हेही समजून घ्या. फिल्मवर चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. प्रकाश पडला की त्या क्षारांत बदल होतो, पण तो डोळ्यांना दिसत नाही. अंधाऱ्या खोलीत फिल्म रसायनात बुडवली म्हणजे तो बदल काळ्या रंगात उमटतो. जिथे जास्त प्रकाश, तिथे जास्त काळे. म्हणून निगेटिव्हमध्ये गोरा चेहरा काळा आणि काळे केस पांढरे दिसतात. त्या निगेटिव्हमधून कागदावर पुन्हा प्रकाश टाकला, की सारे उलट होऊन खरा फोटो मिळतो. मग तो ‘हायपो’ नावाच्या द्रावणात बुडवून पक्का करतात आणि पाण्याने पुष्कळ धुतात. धुण्यात कसर राहिली, तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. म्हणजे जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोत तुम्हाला दिसणारी काळी छटा ही खरोखर बारीक चांदी असते.

ही कला आपल्याकडे फार लवकर आली. फ्रान्समध्ये दागेर यांची छायाचित्रणाची पद्धत १८३९ साली जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही निघाली. पुढे लाला दीनदयाळ हे फार नामवंत छायाचित्रकार झाले. हैदराबादचे सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ‘मुसव्विर’ आणि ‘तस्वीर’ ही एकाच धातूपासून झालेली भावंडे, हे तुम्ही ओळखले असेलच. दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातील स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला. तिथे फोटो घेणारीही स्त्रीच होती. पण हे झाले शहरातल्या मोठ्या घराण्यांचे. आमच्या गावाकडच्या साध्या घरांतील स्त्रियांचे फोटो कितीतरी काळ निघालेच नाहीत.

असो. मी माझ्या चुकीकडे येते.

मी पाचवीत होते. शाळेत ‘माझे कुटुंब’ या विषयावर चिकटवही करायची होती. दादी दुपारी झोपली असताना मी पेटी उघडली, चार तरुणांचा तो फोटो काढला आणि भरपूर खळ लावून वहीत चिकटवला. संध्याकाळी अभिमानाने दादीला वही दाखवली.

दादीने वही हातात घेतली. तिने फोटोचा एक कोपरा नखाने उचलून पाहिला. तो निघेना. ती मला रागावली नाही. एवढेच म्हणाली, “बेटी, मागे लिहिलेले होते.”

फोटोच्या मागे दादांनी स्वतःच्या हाताने, शाईच्या पेनाने, उर्दूत चौघांची नावे लिहिली होती. दादीला वाचता येत नव्हते. पण मागे काय लिहिले आहे, हे तिला पाठ होते. दादांनी तिला ते कितीदा तरी वाचून दाखवले होते. तिने मला जवळ बसवले आणि एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून ती नावे सांगू लागली. मी रडत होते. बाहेर मैत्रिणी खेळायला बोलावत होत्या. मी अर्धे ऐकले, अर्धे ऐकले नाही. लिहून तर काहीच घेतले नाही.

त्यानंतर दादी पाच वर्षे आमच्यात होती. त्या पाच वर्षांत मी तिला कोणत्याही दिवशी विचारू शकले असते, “दादी, तो चौथा कोण?” मी विचारले नाही. विचारायचे राहून गेले, असे आपण म्हणतो. खरे तर ते आपणच राहू देतो. २००६ साली दादी वारली.

पाकिटातला दुसरा फोटो टपाल तिकिटापेक्षा थोडा मोठा आहे. दादा हजला निघाले, तेव्हा कागदपत्रांसाठी तो काढला होता. त्या काळी मुंबईहून जेद्दापर्यंत हाजींची जहाजे जात. समुद्रमार्गे होणारा तो प्रवास १९९५ साली बंद झाला. आता सारे विमानाने जातात. आपल्या कितीतरी घरांत आजोबांचा एकुलता एक फोटो असा हजच्या कागदांसाठी काढलेलाच असतो. या फोटोत दादांची दाढी पांढरी आहे, डोक्यावर तीच लोकरी टोपी आहे आणि डोळे थेट आपल्याकडे पाहत आहेत. मी जन्मले त्याआधीच दादा गेले. त्यांचा आवाज मी ऐकला नाही. पण अब्बा म्हणतात, की रागावण्यापूर्वी मी अगदी अशीच पाहते.

तिसरा फोटो दादीचा. तो पाकिटात नव्हता. दादीने कधी फोटो काढूनच घेतला नव्हता. फुफीच्या लग्नातल्या एका फोटोत ती कडेला आहे, पण ऐन वेळी तिने ओढणी पुढे घेऊन मान वळवली, म्हणून तिथे नुसती पांढरी पुसट सावली उरली आहे. तिचा चेहरा असलेला फोटो एकच. १९९३ साली, टी. एन. शेषन मुख्य निवडणूक आयुक्त असताना, मतदारांसाठी फोटोचे ओळखपत्र देण्याचा निर्णय झाला. पुढे आमच्या गावातही रांगा लागल्या. दादीही कुरकुरत रांगेत उभी राहिली. त्या कार्डावर तिचे डोळे अर्धे मिटलेले आहेत आणि कपाळावर आठ्या आहेत.

दादी गेल्यावर अब्बांना तिचा मोठा फोटो हवासा वाटला. भिंतीवर लावायला नव्हे, जवळ ठेवायला. आम्ही ते कार्ड एका फोटोवाल्याकडे नेले. त्याने संगणकावर मेहनत घेतली. मिटलेले डोळे उघडले, आठ्या पुसल्या, रंग उजळ केला. फोटो सुरेख झाला. अब्बांनी तो बराच वेळ हातात धरून पाहिला आणि हळूच विचारले, “ही कोण?”

त्या फोटोत दादी नव्हती. तिच्या आठ्या म्हणजेच तर ती होती! उन्हात कापूस वेचून त्या पडल्या होत्या. अब्बांनी तो सुरेख फोटो बाजूला ठेवला आणि कार्ड आपल्या खिशात ठेवले. आज मोबाइलवर जुने फोटो रंगीत करणारी, त्यांतील चेहरे हलवणारी साधने आली आहेत. ती पाहायला गंमत वाटते. पण ती साधने कपड्यांचा रंग, डोळ्यांची चमक अंदाजाने भरतात. म्हणून अशी प्रत करायची असली, तरी मूळ फोटो आहे तसाच ठेवा आणि नव्या प्रतीवर ‘ही बदललेली प्रत आहे’ असे जरूर लिहा.

बी.एड. झाल्यावर मला ती चिकटवही पुन्हा सापडली. आता तरी नावे वाचू, म्हणून मी ओल्या फडक्याने फोटो सोडवू लागले. ही दुसरी चूक. मागचा कागद तुकड्यातुकड्याने निघाला आणि शाई पसरली. वाचता आले ते एवढेच: वर ‘१९५८’, ओळीच्या सुरुवातीला ‘दाएँ से’, आणि ओळीच्या शेवटी ‘अब्दुल’. त्यापुढचा कागद वहीलाच चिकटून फाटला.

पण या तीन तुकड्यांवरूनही काही कळले. मराठी वर्तमानपत्रात फोटोखाली ‘डावीकडून’ असे लिहून नावे देतात. उर्दू उजवीकडून लिहिली जाते, म्हणून दादांनी ‘दाएँ से’, म्हणजे उजवीकडून नावे लिहिली होती. उजवीकडून मोजले, तर ओळीतले शेवटचे नाव डाव्या टोकाच्या माणसाचे. म्हणजे तो चौथा तरुण ‘अब्दुल’ काहीतरी होता. मात्र ‘अब्दुल’ हे अर्धेच नाव. अब्दुल रहीम, अब्दुल करीम, अब्दुल गफूर... असे किती असतील!

मी तो फोटो घेऊन गावातल्या एका वयोवृद्ध शेजाऱ्यांकडे गेले. त्यांना आम्ही काकाजी म्हणत असू. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उन्हात नेला. मग हसून म्हणाले, “हा कोट तं माह्याबी लग्नाच्या फोटोत हाय!” स्टुडिओचा तोच कोट तालुक्यातल्या कितीतरी तरुणांनी घातला होता. नंतर ते चौथ्या चेहऱ्यावर थांबले.

“हे पोट्टं जिनात कामाले होतं, बाई,” ते म्हणाले. “अब्दुल म्हनत त्याले. पुढचं नाही येत आता ध्यानात. पन लिहनं-वाचनं येत होतं त्याले. माह्या बापाची पत्रं तोच वाचून दे.”

जिन म्हणजे सरकीपासून कापूस वेगळा करण्याचा कारखाना. आमच्या भागात कपाशी पिकते, म्हणून असे कारखाने जागोजागी होते. त्यांतल्या एका कारखान्यात काम करणारा, लोकांची पत्रे वाचून देणारा एक तरुण. ज्याने कितीतरी लोकांना त्यांच्या माणसांची खुशाली वाचून दाखवली, त्याचे स्वतःचे पूर्ण नाव मात्र आमच्या घरात वाचता येण्याजोगे उरले नाही. ते मी पुसले होते. काकाजी त्यानंतर दोन वर्षांनी गेले. मी त्यांना वेळेवर विचारले नसते, तर एवढेही कळले नसते.

म्हणून मित्रांनो, माझ्या चुकांवरून तुम्ही शहाणे व्हा. जुना फोटो हाताळताना हात कोरडे आणि स्वच्छ असू द्या. फोटो कडेने धरा. बोटांचा घाम त्यावर डाग पाडतो. खळ, डिंक, चिकटपट्टी लावू नका. जुना फोटो प्लॅस्टिकमध्ये पक्का बंद करून घेऊ नका. तो पुन्हा निघत नाही. चौकटीत बसवायचा असेल, तर काच फोटोला टेकणार नाही असे पाहा, कारण पावसाळ्याच्या दमटपणाने फोटो काचेला चिकटतो. फोटो उन्हात ठेवू नका. रंगीत फोटोंचे रंग तर काळ्यापांढऱ्यापेक्षा लवकर उडतात. साध्या कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. चिकटलेला फोटो ओढून काढू नका. आधी त्याची प्रत करा. खिडकीजवळ सावलीत ठेवून, फ्लॅश बंद करून, मोबाइलनेही चांगली प्रत निघते. ती दोन-तीन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा. एका घरची हरवली, तर दुसऱ्या घरी मिळेल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावे लिहा. फोटोवर पेनाने लिहू नका, पाकिटावर लिहा. फोटोमागे लिहायचेच असेल, तर कडेला मऊ शिसपेन्सिलीने, न दाबता लिहा. कोण, कोठे, केव्हा, कोणत्या बाजूने मोजायचे आणि ही माहिती कोणी सांगितली, या पाच गोष्टी लिहा. मुंबईत २०१० साली अनुषा यादव यांनी ‘इंडियन मेमरी प्रोजेक्ट’ नावाचे काम सुरू केले. लोक आपल्या घरातले जुने फोटो आणि त्यांमागची हकिकत तिथे देतात. त्यातून मोठ्या इतिहासात न आलेली साधी माणसे आपल्याला भेटतात. असेच काम तुम्ही आपल्या घरी एका वहीत करू शकता. त्याला खर्च नाही. वेळ मात्र आजच काढायला हवा, कारण फोटो पेटीत थांबतो, सांगणारे माणूस थांबत नाही.

माझ्याकडे आता तो फोटो एका नव्या पाकिटात आहे. पाकिटावर मी उर्दूत आणि मराठीत चौघांची माहिती लिहिली आहे. तीन नावे पूर्ण आहेत. चौथ्या ओळीत लिहिले आहे: “डावीकडून पहिले: अब्दुल. जिनात काम करीत. लोकांची पत्रे वाचून देत. दादांचे मित्र.”

‘अब्दुल’च्या पुढे मी थोडी जागा मोकळी सोडली आहे.

शब्दार्थ
हकिकत – घडलेली गोष्ट
वाडवडील – पूर्वज, बापदादा
हयात – जिवंत
पुसट – अस्पष्ट, धूसर
रुबाबदार – ऐटदार, शानदार
किताब – पदवी, खिताब (उर्दूतील ‘किताब’ म्हणजे पुस्तक; मराठीतील अर्थ वेगळा)
खळ – पिठापासून केलेला चिकट पदार्थ, लई
आठ्या – कपाळावरच्या सुरकुत्या
सरकी – कपाशीचे बी, बिनौला
खुशाली – क्षेम, खैरियत
पोट्टं – (वऱ्हाडी बोली) मुलगा, पोरगा

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) दादीच्या पेटीत कोणकोणत्या वस्तू होत्या?
(आ) हार घातलेल्या फोटोचा अर्थ काय होतो?
(इ) लाला दीनदयाळ यांना कोणता किताब मिळाला?
(ई) मुंबईहून हजला जाणारी जहाजे कोणत्या साली बंद झाली?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) जुन्या फोटोंतील माणसे गंभीर दिसतात.
(आ) दादीचा मोठा केलेला फोटो पाहून अब्बांनी “ही कोण?” असे विचारले.
(इ) ओळीतले शेवटचे नाव डाव्या टोकाच्या तरुणाचे आहे, हे लेखिकेला कळले.

प्र. ३. चार-पाच ओळींत उत्तरे लिहा.
(अ) चिकटवही पाहिल्यावर दादी काय म्हणाली? ती रागावली नाही, तरी लेखिकेला आपली चूक मोठी का वाटते?
(आ) लेखिकेने पाकिटावर ‘अब्दुल’च्या पुढे जागा मोकळी का सोडली असेल?

प्र. ४. काकाजींची वऱ्हाडी बोलीतील वाक्ये प्रमाण मराठीत लिहा.

प्र. ५. पुढील मराठी शब्द उर्दूत कोणत्या रूपात आहेत ते लिहा. अर्थ तोच आहे की बदलला आहे, ते सांगा.
तसबीर, हकिकत, कागद, पसंत, किताब, खुशाली

उपक्रम
घरातील सर्वांत जुना फोटो शोधा. तो घरातील सर्वांत वयस्कर माणसाला दाखवा. त्यांनी सांगितलेली माहिती पाठात दिलेल्या पाच मुद्द्यांनुसार उर्दूत आणि मराठीत लिहून काढा. फोटो वर्गात आणू नका. लिहिलेले तेवढे आणा.